संभवाचें गणित आणि पोकरचा डाव

महाभारताच्या वनपर्वांत नळराजाची कथा आली आहे. द्यूतांत राज्य घालवून बसलेला नळ बाहुक हें नांव धारण करून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरीं सारथि म्हणून राहतो. एके दिवशीं रथ भरधाव चालला असतां ऋतुपर्ण वाटेवरील बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवून सांगतो, कीं याच्या दोन फांद्यांवर दोन हजार पंचाण्णव फळें आहेत. नळाचा विश्वास बसत नाहीं. तो रथ थांबवून प्रत्यक्ष फळें मोजतो, तों आंकडा बरोबर उतरतो! हें कसें साधलें असें विचारतां राजा उत्तर देतो, कीं त्याला अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, अवगत आहे आणि गणनेंतही तो निपुण आहे. पुढें अश्वविद्येच्या मोबदल्यांत ही विद्या नळास मिळते व गेलेलें राज्य तो परत जिंकतो. प्राचीन काळीं बेहड्याचें फळ हेंच फांसा म्हणून वापरीत असत, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे कथाकारानें तें झाड उगीच निवडलेलें नाहीं हें कळून येतें. हरलेल्या नळापाशीं धैर्य होतें, औदार्यही होतें. कमी होती ती मोजणी, असाच कथेचा रोख दिसतो.

फांसा आणि मोजणी यांचा हा संबंध आपल्याकडे कथेंतच राहिला. त्याचें शास्त्र बनलें तें पुष्कळ उशिरां व पुष्कळ दूर, १६५४ सालीं फ्रान्स देशांत. शेव्हालिए द मेरे नांवाच्या एका शौकीन गृहस्थानें ब्लेझ पास्कल या गणितज्ञापुढें एक कोडें टाकलें. पास्कलनें तें तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फेर्मा यास कळविलें, आणि त्या दोघांच्या पत्रव्यवहारांतून संभवाच्या गणिताचा पाया घातला गेला. कोडें ऐकावयास साधें आहे. दोन खेळाडूंनीं प्रत्येकीं बत्तीस मोहरा लावल्या. जो आधीं तीन डाव जिंकेल त्यानें सर्व चौसष्ट न्याव्या असें ठरलें. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक झाला, आणि कांहीं कारणानें खेळ मध्येंच मोडला. आतां मोहरा वांटाव्या कशा?

पास्कलचें उत्तर मोठें मार्मिक आहे. पुढचा डाव झाला असता, तर पहिला एक तो जिंकून चौसष्टही घेता, किंवा हरून दुसऱ्याच्या बरोबरीस येता आणि मग त्याच्या वाट्यास निम्म्या, म्हणजे बत्तीस येत्या. तेव्हां बत्तीस मोहरा कोणत्याही परिस्थितींत त्याच्याच. उरलेल्या बत्तिसांविषयीं दोघांचा संभव सारखा, म्हणून त्यांतील सोळा त्याच्या. एकूण अठ्ठेचाळीस पहिल्यास व सोळा दुसऱ्यास. अद्याप न घडलेल्या गोष्टीलाही आज एक निश्चित किंमत असते, आणि ती त्रैराशिकाइतक्या सोप्या हिशेबानें काढतां येते, हा विचार त्यापूर्वीं कोणी इतक्या स्पष्टपणें मांडला नव्हता. विम्याचा हप्ता ठरवितांना आजही हाच विचार उपयोगीं पडतो. परंतु त्याचा सर्वांत उघडा व सर्वांत निष्ठुर प्रयोग पाहावयाचा असेल, तर तो पोकर या पत्त्यांच्या खेळांत पाहावा.

पोकर हा अमेरिकेचा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मिसिसिपी नदीवरून जाणाऱ्या आगबोटींतून तो त्या देशभर पसरला. आज त्याचा जो प्रकार सर्वांत अधिक खेळला जातो त्यास टेक्सास होल्डेम म्हणतात. १९९८ सालीं इंटरनेटवर खऱ्या पैशांचा पोकर सुरू झाला, आणि २००३ सालीं टेनेसी संस्थानांतील ख्रिस मनीमेकर नांवाच्या एका हिशेबनिसानें त्याला घरोघर पोंचविलें. लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेची प्रवेश फी दहा हजार डॉलर होती. या गृहस्थानें ती भरली नाहीं. शंभर डॉलरांहूनही कमी पैशांत संगणकावरील एक पात्रता-स्पर्धा खेळून त्यानें प्रवेश मिळविला, आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर नेले. (त्याच्या आडनांवाचा अर्थच ‘पैसे करणारा’ असा आहे, आणि तें खरेंखुरें आडनांव आहे!) त्यानंतर लक्षावधि लोक पडद्यासमोर बसून खेळूं लागले. त्यांतील बहुतेकांना मनीमेकर दिसला; त्याच्यामागें राहिलेले ८३८ दिसले नाहींत.

खेळाची रचना थोडक्यांत अशी. बावन्न पानांच्या जोडांतून प्रत्येक खेळाडूस दोन पानें पालथीं वाटलीं जातात. तीं त्यानें एकट्यानेंच पाहावयाचीं. मग मेजाच्या मध्यभागीं सर्वांस सामाईक अशीं पांच पानें उघडलीं जातात : प्रथम एकदम तीन, नंतर एक, आणि शेवटीं आणखी एक. या तीन टप्प्यांस फ्लॉप, टर्न व रिव्हर अशीं नांवें आहेत. स्वतःचीं दोन व सामाईक पांच अशा सात पानांतून ज्याचा पांचांचा मेळ सर्वांत भारी, तो जिंकला. जोडीपेक्षां दोन जोड्या भारी, त्यांपेक्षां तिकडी, तिकडीपेक्षां ओळीनें आलेलीं पांच पानें, आणि त्यांहूनही एकाच रंगाचीं पांच, म्हणजे पांचही बदाम किंवा पांचही इस्पिक, भारी. याच्या वरचे मेळ क्वचितच पडतात. पानें वाटल्यावर एक आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक, अशा पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात. समोरच्यानें रक्कम लावली, कीं तितकी भरून डावांत राहावें, ती वाढवावी, किंवा पानें टाकून देऊन आधीं भरलेल्या पैशांवर पाणी सोडावें, या तीनच वाटा असतात.

आतां एक प्रसंग घ्यावा. खेळाडूच्या हातांत बदामाचीं दोन पानें आहेत. मेजावर चार पानें उघडलीं असून त्यांतही दोन बदाम आहेत. शेवटचें एक पान यावयाचें आहे. तें बदाम निघालें तर त्याचीं पांच बदामें होऊन तो जिंकेल. न निघालें तर त्याच्या हातीं कांहींच नाहीं. समोरच्यापाशीं चांगली जोडी आहे असें धरूं. बावन्नांपैकीं खेळाडूला दिसणारीं पानें सहा. न दिसणारीं शेचाळीस. तेरा बदामांपैकीं चार दिसत आहेत, म्हणून उरलेले नऊ. प्रतिस्पर्ध्याच्या हातीं काय आहे हें त्याला ठाऊक नसल्यामुळें तीं दोन पानेंही न दिसणाऱ्यांतच मोजावयाचीं. म्हणजे शेचाळिसांत नऊ वेळां जय, सदतीस वेळां पराजय. शेंकडा सुमारें साडेएकोणीस. संभवाचा हिशेब येथें संपला. परंतु निर्णयाचा हिशेब अद्याप सुरूही झालेला नाहीं, आणि नवशिका खेळाडू नेमका येथेंच थांबतो. ‘पांचांत चार वेळां हरणार, तर पैसे कशाला भरावे?’ असें भित्रा म्हणतो. ‘एकच तर बदाम हवा आहे!’ असें उतावळा म्हणतो. दोघांनींही किंमत विचारलेली नाहीं.

मेजावरील राशींत सत्तर डॉलर जमले आहेत आणि प्रतिस्पर्ध्यानें वीस लावले, असें समजावें. आतां रास नव्वदांची झाली आणि डावांत राहण्याची किंमत वीस. असाच प्रसंग शेचाळीस वेळां आला आणि प्रत्येक पान एकेकदां निघालें, तर नऊ वेळां नव्वद मिळून ८१० डॉलर येतील. सदतीस वेळां वीस जाऊन ७४० डॉलर जातील. नफा सत्तर, म्हणजे दर खेपेस सरासरीनें दीड डॉलर. बहुतेक वेळां हरणारा हा निर्णय बरोबर आहे. आतां तींच पानें, तोच संभव ठेवून एवढाच फरक करावा, कीं प्रतिस्पर्ध्यानें विसांच्या ऐवजीं सत्तर लावले. रास १४० ची झाली. नऊ वेळां १४० म्हणजे १२६० येणार, आणि सदतीस वेळां सत्तर म्हणजे २५९० जाणार. तोटा १३३० डॉलर. दर खेपेस जवळजवळ एकोणतीस. पानांत कांहींही बदललेलें नसतां पहिल्या प्रसंगीं पैसे न भरणें ही चूक होती, दुसऱ्या प्रसंगीं भरणें ही चूक आहे. भाजी घेतांना भाव विचारल्यावांचून पिशवी पुढें न करणारी गृहिणी ज्या न्यायानें वागते, तोच हा न्याय होय.

या हिशेबांत एक गोष्ट सहज निसटून जाते. राशींतील सत्तर डॉलरांपैकीं कांहीं खेळाडूनें स्वतःच आधीं घातलेले असतात. ‘इतके घातले, आतां मागें कसें फिरावें?’ ही भावना त्याला पुढें ढकलते. गणित मात्र त्या पैशावरील मालकी मानीत नाहीं. राशींत पडलेला पैसा कोणाचाच नव्हे. पुढची किंमत व पुढचा लाभ एवढेंच मोजावयाचें. कोर्टकज्जे, बुडतें दुकान, जुन्या मोटारीची दुरुस्ती यांतही माणसें याच ठिकाणीं फसतात.

अर्थात् प्रत्यक्ष डाव इतका सरळ नसतो. बदाम आल्यावर प्रतिस्पर्धी आणखी पैसे लावणार असेल, तर आजची महाग किंमतही उद्यां परवडते. उलट ज्या बदामानें खेळाडूचा मेळ जमतो, त्याच पानानें समोरच्याचाही अधिक भारी मेळ जमूं शकतो. मग नऊ पानें नऊ राहत नाहींत. आणि सर्वांत मोठी अडचण ही, कीं प्रतिस्पर्धी म्हणजे कांहीं फांसा नव्हे. तो हूल देतो. राशीइतकीच रक्कम लावून पोकळ हूल देणाऱ्याचा डाव दोनांत एकदां जरी साधला, म्हणजे समोरच्यानें निम्म्या वेळां पानें टाकलीं, तरी त्याचें नुकसान नाहीं. राशीच्या निम्मी रक्कम लावली तर तीनांत एकदां साधलें तरी पुरतें. २००३ च्या त्याच स्पर्धेंत शेवटचे दोघे उरले असतां मनीमेकरच्या हातीं साधी जोडीही नव्हती, आणि सॅम फार्हा या मुरलेल्या खेळाडूपाशीं नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरनें आपली सारी रक्कम पुढें केली. फार्हानें बराच वेळ विचार करून जिंकणारीं पानें टाकून दिलीं.

याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. दोन एक्के हातीं असलेल्या खेळाडूनें दोन राजे असलेल्या प्रतिस्पर्ध्याशीं सामाईक पानें उघडण्यापूर्वींच सर्वस्व लावलें, तर शंभरांत सुमारें ब्यांशी वेळां तो जिंकतो. याहून चांगला प्रसंग खेळांत फारसा येत नाहीं. तरीही शंभरांत अठरा वेळां तो हरतो, आणि हरल्यावर त्याच्या घरचे, मित्र व तो स्वतःही म्हणतात, कीं निर्णय चुकला. उलट सत्तर डॉलर भरून बदाम मिळविणाऱ्याची पाठ थोपटली जाते. निर्णयाची पारख फळावरून करण्याची ही संवय इतकी खोल रुजलेली आहे, कीं व्यवसाय म्हणून खेळणारेही तिला बळी पडतात. शेंकडों नव्हे, हजारों डाव झाल्याशिवाय नशिबाचा गाळ खालीं बसत नाहीं आणि कौशल्याचें पाणी स्वच्छ दिसत नाहीं. याकोब बर्नुलीनें १७१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत सिद्ध केलें तें हेंच, कीं प्रयोगांची संख्या वाढत जाते तसतसें प्रत्यक्ष प्रमाण खऱ्या संभवाच्या जवळ येतें. किती वाढावी लागते, हें मात्र खेळणाऱ्याच्या खिशाला विचारावें. तितके डाव होण्यापूर्वींच खिसा रिता झाला, तर बरोबर असलेलें गणितही कोणाच्या कामास येत नाहीं.

संगणकावरील खेळानें ही संख्या विलक्षण वाढविली. खऱ्या मेजावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पडद्यावर एका मेजाचे साठसत्तर सहज होतात, आणि एकच माणूस एका वेळीं चार-चार मेजांवर बसूं शकतो. पूर्वीं ज्या अनुभवास वर्ष लागे तो महिन्याभरांत मिळूं लागला. आणि जें नुकसान होण्यास वर्ष लागे तेंही.

पानें पिसण्याचें काम हातांऐवजीं यंत्राकडे गेल्यावर नवे धोकेही आले. बावन्न पानें मांडण्याचे एकूण प्रकार अडुसष्ट आंकडी संख्येइतके आहेत. १९९९ सालीं अमेरिकेंतील कांहीं तज्ज्ञांनीं दाखवून दिलें, कीं त्या वेळीं वापरांत असलेली पानें पिसण्याची एक यंत्ररीति घड्याळाच्या वेळेवर अवलंबून असल्यामुळें दिवसाकांठीं फार तर साडेआठ कोटींच्या आसपास मांडण्या देऊं शकते. घड्याळ जुळवून घेतल्यास त्यांतून अवघ्या दोन लाखांच्या आसपास उरतात, आणि स्वतःचीं दोन व फ्लॉपचीं तीन अशीं पांच पानें कळतांच उरलेलीं सर्व पानें ओळखतां येतात. दोष त्यांनीं स्वतःच जाहीर केला. २००७ सालीं ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावर उघडकीस आलेला प्रकार मात्र निव्वळ लबाडीचा होता : एका खात्यास इतरांचीं पालथीं पानें दिसत होतीं. तो पकडला गेला तो संभवाच्या गणितामुळेंच, हें विशेष. हें खातें समोरच्याची हूल नेमकी ओळखून पैसे भरी, आणि भारी पानें असलीं कीं नेमकें बाहेर पडे. इतके अचूक नशीब कोणालाही असूं शकत नाहीं, हें पाहून इतर खेळाडूंनींच नोंदी तपासल्या व गुन्हा उघड केला.

परंतु बहुतेक खेळणाऱ्यांचे पैसे जातात ते लबाडीनें नव्हे. खेळ चालविणारा प्रत्येक राशींतून आपला हिस्सा काढून घेतो. तो सामान्यतः शेंकडा पांचांच्या आसपास असतो व त्यास कांहीं कमाल मर्यादा असते. आंकडा क्षुल्लक दिसतो. वरील पहिल्या उदाहरणांत तो बसवून पाहावा. खेळाडूनें वीस भरल्यावर रास ११० ची झाली; मर्यादा आड न आल्यास तींतून साडेपांच गेले, म्हणजे जिंकल्यावर नव्वदांच्या जागीं साडेचौऱ्यांशी मिळाले. नऊ वेळां मिळून सातशे साडेसाठ. जाणारे ७४० तसेच. सत्तर डॉलरांचा नफा साडेवीस डॉलरांवर आला. दर खेपेस दीड डॉलर होता तो पंचेचाळीस सेंट झाला. शेंकडा पांच दिसणाऱ्या हिश्शानें नफ्याचे शेंकडा सत्तर खाल्ले! सारख्या कौशल्याचे सहाजण एका मेजावर रात्रभर बसले, तर सकाळीं सहाही जणांची मिळून रक्कम कमी झालेली असते. अशा मेजावर टिकून नफा करावयाचा, तर इतरांहून थोडें चांगलें खेळून भागत नाहीं. त्या हिश्शास पुरून उरेल इतकें चांगलें खेळावें लागतें.

आतां तर माणसाशीं बरोबरी करणारींच नव्हे, त्याला मागें टाकणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणकानें चार निष्णात व्यावसायिकांशीं वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव खेळून त्यांना स्पष्टपणें हरविलें. यंत्राला चेहरा वाचतां येत नव्हता. हूल केव्हां व किती प्रमाणांत द्यावी हें त्यानें निव्वळ हिशेबानें ठरविलें होतें.

हा खेळ कौशल्याचा कीं नशिबाचा, यावर भारतांत पुष्कळ वाद झाला आहे. रमीच्या खेळांत कौशल्याचा भाग अधिक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं दिला. पोकरविषयीं निरनिराळ्या उच्च न्यायालयांचीं मतें निरनिराळीं पडलीं. गणिताच्या दृष्टीनें पाहतां दोन्ही पक्षांत तथ्य आहे : एका डावापुरतें नशीब, लाख डावांपुरतें कौशल्य. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें हा भेदच बाजूस सारला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरविण्यास त्यानें मनाई केली. पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवली नाहीं.

पैशावांचून हें गणित पडताळून पाहावयाचें, तर घरांतील पत्त्यांचा जोड पुरे. त्यांतून चार बदाम व दुसऱ्या रंगांचीं कोणतींही दोन पानें काढून ठेवावींत. उरलेलीं शेचाळीस नीट पिसून वरचें पान उलटावें, बदाम आला कीं नाहीं याची नोंद करावी, पान परत ठेवून पुन्हां पिसावें, आणि असें शंभर वेळां करावें. बदाम विसांच्या आसपास येईल. एखाद्या रात्रीं चौदाच, एखाद्या रात्रीं पंचवीसही. ओळीनें पंधरा पानें बदामावांचून गेलीं, असेंही घडूं शकेल. त्या वेळीं सोळाव्या पानाविषयीं घरांतील प्रत्येकास काय वाटलें, तेंही नोंदवहींत लिहून ठेवावें. आणि बदामाचा संभव तेव्हांही शेचाळिसांत नऊच होता, हा आंकडा त्याच्या शेजारीं मांडावा.